तेरणेचा गाळ आणि तांबडी चकाकी : तिसऱ्या भाजणीपर्यंतची नोंद

तेर येथील संग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती पाहण्यासाठी मी वारंवार जातो. केओलिनच्या पांढुरक्या मातीत, दोन भागांच्या साच्यातून घडवलेल्या त्या पोकळ मूर्तींची केशरचना आजही स्पष्ट दिसते. मात्र केओलिन माझ्या हाताशी नाही. हाताशी आहे तो तेरणा नदीचा गाळ. म्हणून यंदा मूर्तींचा नाद बाजूला ठेवून, जुन्या तांबड्या भांड्यांची घोटीव चकाकी याच गाळातून साधण्याचे ठरवले.

काळ्या रानातून वाहून आलेल्या या गाळात पाण्याने फुगणारी आणि वाळताना आकसणारी चिकणमाती भरपूर असते. नुसत्या गाळाच्या फरशीवर ओढलेली 10 सेंटिमीटरची रेघ वाळल्यावर 8.8 भरली आणि कडांना भेगा पडल्या. चाळलेल्या विटांची सुरखी चौथा हिस्सा मिसळल्यावर भेगा थांबल्या.

खरी परीक्षा गाळातल्या चुनखडीने घेतली. पहिल्या भाजणीत मी तापमान 950 अंशांपर्यंत नेले. वाडगे भट्टीतून देखणे निघाले, परंतु आठवड्याभरात त्यांच्या अंगावरून खपल्या उडू लागल्या आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला. अशा उष्णतेत चुनखडीची कळी (भाजका चुना) होते, ती हवेतील ओलावा शोषून फुगते आणि भांड्याला आतून फोडते. दुसऱ्या वेळी गाळ पाण्यात कालवून बारीक जाळीतून दोनदा गाळला, तेव्हा खळगे कमी झाले, पण संपले नाहीत.

तिसऱ्या भाजणीत मी 780 अंशांवरच थांबलो. या तापमानाला चुनखडीची कळी त्यामानाने कमी होते. शिवाय घोटलेली चकाकीही फार तापवल्यास मावळते, त्यामुळे एकाच निर्णयाने दोन्ही गोष्टी साधल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. लेपासाठी गेरूमिश्रित गाळ धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर निवळू दिला, वरचा अतिसूक्ष्म थर अलगद ओतून घेतला, वाळलेल्या भांड्यांवर त्याचे तीन हात दिले आणि गोदावरीच्या पात्रात मिळालेल्या गुळगुळीत गारगोटीने ती घोटली. ओल किंचित जास्त असली तर लेप गारगोटीला चिकटतो आणि कमी असली तर ओरखडे उठतात. ती नेमकी वेळ अजून प्रत्येक भांड्याला साधत नाही.

तेर हे गोरोबाकाकांचे गाव. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी पारखल्याची आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवल्याची कथा मला प्रत्येक भट्टी उघडताना आठवते, कारण टिचकीचा आवाज भाजणीबद्दल डोळ्यांपेक्षा अधिक सांगतो. यंदाच्या सात वाडग्यांपैकी पाच खणखणीत वाजले, दोन बद्द. ते दोन्ही भट्टीच्या दाराजवळ होते. पुढच्या वेळी दाराकडची फट बंद करून 780 वर अर्धा तास अधिक धरणार आहे.