भिजवलेलं बी परत पोत्यात जात नाही

गोणपाट उलगडलं आणि मोजायला बसलो. हरभऱ्याच्या शंभर दाण्यांतले सेहेचाळीस उगवलेले. पुन्हा मोजले, तरी सेहेचाळीसच. शेजारच्या दुसऱ्या गोणपाटात त्याच रानातला, त्याच खळ्यावरचा, त्याच कोठीत ठेवलेला हरभरा होता, तो अठ्ठ्याऐंशी उगवला होता. दोन्हींत फरक एवढाच की पहिलं बी मी वर्षभरापूर्वी एक रात्र भिजवलं होतं आणि पेरून उरलं म्हणून सावलीत वाळवून परत ठेवलं होतं. बियाण्याच्या नादाला लागल्यापासूनची माझी ही दुसरी चूक. पहिली सोयाबीनची, ती पुढे सांगतो.

हा नाद लागला २०२० च्या जूनमध्ये. आमचा भाग लातूर जिल्ह्यातला, काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा. त्या वर्षी विकत आणलेलं सोयाबीन पेरलं आणि आठव्या दिवशी रानात पाहिलं तर ओळीत हातभर-हातभर मोकळं. एकट्या माझंच नव्हे, मराठवाडा-विदर्भात त्या साली न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला होता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं शेंगा उभ्या रानात भिजल्या होत्या आणि त्यातलंच बी बाजारात आलं होतं. कंपनीशी भांडून, पंचनाम्याची वाट बघून हाती काही आलं नाही. दुबार पेरणी केली. त्या दिवशी आबा एवढंच म्हणाले, "घरचं बी असतं तर निदान स्वतःलाच शिवी देता आली असती."

तेव्हापासून घरचं बी ठेवायला लागलो.

त्याच साली ऑक्टोबरात इतका पाऊस झाला की रान वाफशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, यायला नोव्हेंबर उजाडला. हरभऱ्याला उशीर झालेला, वरचा थर भराभर सुकत चाललेला. आमच्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्रातले एक सर म्हणाले, बी रात्री भिजवा, सकाळी पेरा. हे काही नवं खूळ नव्हतं. १९९० च्या दशकात डेव्हिड हॅरिस या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना सोबत घेऊन मका, भात आणि हरभऱ्यावर हेच करून पाहिलं होतं. मका-भाताला जास्त वेळ चालतो, हरभऱ्याला आठ तास पुरे.

रात्री दहाला प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये बी ओतलं, वर वीतभर पाणी ठेवलं. तरंगलेले दाणे आणि काडीकचरा चाळणीनं काढला. आई दारात उभी राहून बघत होती. "उसळ करायलास का रे एवढ्याची?" म्हणाली. खरं तर तिच्या त्या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. बी पाणी पितं, फुगतं, मग काही तास वरून गप्प दिसतं पण आत कामाला लागलेलं असतं. त्यानंतर मोड फुटतो. मोड फुटायच्या आत थांबवलं तर ते बियाणं, मोड आल्यावर उसळ. म्हणून सकाळी सहाचा गजर लावला होता आणि पाचलाच जाग आली.

पाणी निथळून बी सावलीत गोणपाटावर पसरलं, तासाभरानं वरून कोरडं झालं. आतून ओलं, वरून सुटं, असं हवं. मग ट्रायकोडर्मा लावला, ही रोगाच्या बुरशीला रोखणारी चांगली बुरशी. गुळाच्या पाण्यात कालवून दहा किलोला रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं, अडीचशे ग्रॅमचं पाकीट चोळलं. ओलसर दाण्याला पावडर छान धरते, कोरड्या बियासारखी खाली उडून पडत नाही. हा फायदा कुणी सांगितला नव्हता.

घोळ झाला तो पेरताना. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राच्या चकत्या कोरड्या दाण्याच्या मापाच्या असतात. फुगलेला दाणा त्यात अडकायला लागला, काही दाणे तर चिरडून डाळच खाली पडत होती. पाच ओळी झाल्यावर यंत्र थांबवलं आणि बैलाची तिफण काढली. चाड्यावर, म्हणजे मुठीनं बी सोडायच्या तिफणीच्या वाटीवर, आमची काकू बसली. तिच्या मुठीतून ओलं बी सुद्धा नळ्यात नीट सुटत होतं. अडीच एकर पेरायला दिवस मावळला. एक कोपरा मुद्दाम कोरड्या बियानं पेरला, पुढे बघायला. भिजवलेलं बी पाचव्या दिवशी जमिनीबाहेर आलं, कोपऱ्यातलं आठव्या दिवशी. ओळीही एकसारख्या भरल्या. पुढे माल किती वाढला हे मी छातीठोक सांगणार नाही, कारण त्या कोपऱ्याची जमीनच हलकी होती.

अकरा किलो बी उरलं. वाया का घालवायचं म्हणून वाळवलं आणि कोठीत ठेवलं. त्याची गोष्ट वर सांगितलीच.

आता सोयाबीन. हरभऱ्याच्या उगवणीनं मी हवेत होतो. २०२१ च्या मे महिन्यात घरच्या सोयाबीनची उगवण तपासली. गोणपाट भिजवून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि आठव्या दिवशी मोजायचं. एकदा मोजून भागत नाही, वेगवेगळ्या पोत्यांतल्या तीन शेकड्यांची सरासरी काढायची. मोड आलेला प्रत्येक दाणा मोजायचाही नाही. मूळ तुटकं, डाळिंबी फुटलेली असली की तो बाद. माझी सरासरी अडुसष्ट आली. प्रमाणित बियाण्याला किमान सत्तर टक्के लागतात. दोन टक्क्यांनीच कमी होतं. सांगणारे सांगतात की सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो बी वाढवा, म्हणजे तीस किलोच्या जागी एकतीस. एक किलोचा प्रश्न होता. पण मला वाटलं, भिजवलं की झालं.

चार तासांनी ड्रममध्ये हात घातला तेव्हाच कळायला हवं होतं. पाणी दुधी झालेलं, बोटांना चिकट लागत होतं. काही दाण्यांची साल सुरकुतून सुटली होती, मुठीत दाबले की डाळिंब्या सटकन वेगळ्या होत. तरी पेरलं. त्या दोन एकरांत तिसरा हिस्साही उगवला नाही आणि जे वर आलं त्यातल्या बऱ्याच रोपांना एकच पान.

सरांकडे गेलो. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, सोयाबीनची साल पातळ, कोंब सालीच्या अगदी खाली. कोरड्या दाण्यात पाणी एकदम घुसलं की आतले पेशींचे पडदे फाटतात, साखर बाहेर झिरपते. तुमच्या हाताला लागला तो चिकटपणा हाच, आणि त्याच साखरेवर जमिनीतली बुरशी तुटून पडते. बी जितकं अशक्त तितकं जास्त झिरपतं. सोयाबीनला ओल द्यायचीच तर ओलसर वाळूत किंवा ओल्या गोणपाटात हळूहळू द्यावी लागते. ते मी अजून केलेलं नाही आणि घरगुती पातळीवर त्यात पडावं असं वाटतही नाही.

मग नोव्हेंबरात ते सेहेचाळीस दाणे घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच. भिजवल्यावर बी आतल्या आत साठवणीचं कुलूप उघडतं, ते म्हणाले. दुरुस्ती होते, पण प्रवासही सुरू होतो. जितकं पुढे गेलं तितकं पुन्हा वाळणं त्याला सोसत नाही. लगेच पेरलं तर फायदाच, वर्षभर ठेवलं तर आयुष्य घटतं. मी विचारलं, मग भिजवून वाळवल्यानं बी टिकतं असं जे कुठे कुठे सांगतात ते खोटं का? खोटं नाही, म्हणाले. कलकत्ता विद्यापीठात आर. एन. बसू यांनी त्यावर बरंच काम केलं होतं. साठवणीत मध्येच बियाला थोडी ओल द्यायची आणि लगेच मूळच्या वजनापर्यंत वाळवायचं. काही महिने ठेवून जरा थकलेल्या बियाला त्याचा उपयोग होतो, ताज्या जोमदार बियाला नाही. शिवाय ओल मोजकी आणि वाळवणं काटेकोर हवं. मी केलं ते ताजं बी, पूर्ण आठ तास, आणि वाळवलं अंदाजानं. तिन्ही उलट.

टिकवायचं असेल तर पाणी घालायचं नाही, काढायचं. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाचा ठोकताळा सरांनी पाठच करून घेतला: बियातली ओल एक टक्का घटली की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की आणखी दुप्पट. ओल पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान असेल तोवर हे लागू. आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होत असेल ते हिशोब न करताही कळलं. बी तिथून हलवून जुन्या मातीच्या माळवदाच्या घरात नेलं. आजी जिथं कणगी ठेवायची तीच खोली.

आता सोयाबीन मळताना यंत्राचे फेरे कमी ठेवायला लावतो, मालक कुरकुरला तरी. बी कोवळ्या उन्हात ताडपत्रीवर वाळवायचं, दुपारी गोळा करायचं. आडतीवरच्या ओलावामापकावर सोयाबीन दहाच्या आसपास आणि हरभरा नऊच्या खाली उतरल्याशिवाय पोत्याचं तोंड शिवायचं नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, चार-पाचांपेक्षा उंच थप्पी नाही. सोयाबीनचं पोतं खांद्यावरून धपकन टाकलं तर आबा ओरडतात, मी नाही. युरियाची पोती त्या खोलीत अजिबात नाहीत, खत हवेतली ओल ओढून घेतं. हरभरा हवाबंद पिशवीत ठेवतो, भुंगा आतल्या आत गुदमरतो. पण ओलं बी त्या पिशवीत कोंडलं तर भुंग्याआधी बीच मरतं.

हरभरा भिजवणं मात्र सोडलेलं नाही. जमिनीत खाली ओल असेल आणि वर सुकत चाललं असेल तेव्हाच भिजवतो. पेरून लगेच पाणी देणार असेन तर नाही, ते सडतं. आणि ड्रममध्ये तेवढंच ओततो जेवढं काकू दिवसभरात चाड्यातून सोडेल. आकाश भरून आलं असेल तर तेवढंही नाही.

गेल्या रब्बीत तरी अंदाज चुकला आणि सकाळी दीड किलो निथळलेलं बी उरलं. घरचं होतं, औषध अजून लावायचं होतं. आईनं काही न बोलता पातेलं पुढे केलं.