तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीकांची ती मस्तीच होती का?

वर्गात, लग्नकार्यात, निपाणीच्या स्टँडवरसुद्धा लोक मला गाठून विचारतात: ग्रीकांनी कर्ज काढून खाल्लं, मग कर्ज देणाऱ्यांच्या काटकसरीच्या अटींना ‘नाही’ म्हणायची मस्ती कशाला? मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा ‘मस्तीच ती’ एवढंच माझ्या तोंडून ऐकायचं असतं.

5 जुलै 2015 ला ग्रीसमध्ये या अटींवर मतदान झालं तेव्हा तिथल्या बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला 60 युरो मिळत होते. तरी 61 टक्क्यांहून जास्त मतं ‘नाही’ला पडली. आणि देशातल्या बहुतेकांना युरो मात्र सोडायचा नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, नसते तर हे मलाही उमगलं नसतं.

1991 चा जुलै. रिझर्व्ह बँकेनं सुमारे 47 टन सोनं परदेशात गहाण ठेवायला धाडल्याची बातमी आली. अण्णा महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्यांतले, कट्टर. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावून फेरीत जाणारे, दिल्लीनं आपल्याला कर्नाटकात लोटलं म्हणून जन्मभर चिडलेले. त्या दिवशी पेपर खाली टाकून म्हणाले, “आपल्या देशाचं सोनं गोऱ्याच्या दारात?” आईची बोरमाळ तेव्हा तंबाखूच्या हंगामापायी गहाण पडली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटत एवढंच विचारलं, “सोडवून आणतील न्हवं?” अण्णा तिच्यावर भडकले, न जेवताच उठले. पुढं अर्थसंकल्पात खत सरासरी 40 टक्क्यांनी महागलं, ओरड झाल्यावर 30 वर आलं. त्याची झळ थेट आम्हाला बसली, पण त्यावरून त्यांनी ताट सोडलं नाही.

मी कॉलेजात होतो. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलंय, दुसरा मार्गच नाही, असं त्यांना ऐकवलं. माझं मत आजही तेच आहे. पण “मार्ग ठरवला कुणी?” या त्यांच्या प्रश्नाला मला आजही नीट उत्तर देता येत नाही. पोटाला चिमटा दुसऱ्यानं काढला की माणसाला आधी तो दुसरा दिसतो.

तुम्ही म्हणाल, आठवडाभरात ग्रीसचे तेव्हाचे पंतप्रधान त्सिप्रास यांनी कडक अटी मान्य केल्याच की. केल्या. आणि सप्टेंबरात लोकांनी पुन्हा त्यांनाच निवडून दिलं. लोक थकले होते म्हणतात, असतील. की वाकायचंच तर आपल्या माणसाच्या हातून, असं वाटलं असेल? अण्णा मत समितीला देत आणि आम्हाला कन्नड नीट शिका म्हणून दटावत, दोन्ही मनापासून. त्यावरून मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडलो. याला मस्ती म्हणायचं तर खुशाल म्हणा, माझ्याकडून ते वदवून घेऊ नका.