सॅन सॅप कालव्यावरचे बँकॉक

बँकॉकच्या सुखुमवित भागात संध्याकाळी टॅक्सीत बसणे म्हणजे पैसे मोजून ताटकळणे, असे माझे ठाम मत झाले आहे. सिग्नल सुटतो, थोड्या गाड्या पुढे सरकतात, पुन्हा लाल दिवा लागतो आणि काचेबाहेर मॉलमागून मॉल तसेच उभे असतात. डोक्यावरून जाणारी स्कायट्रेन वेळेवर पोहोचवते हे खरे. पण तिच्यातून दिसते ते उंच इमारतींचे आणि जाहिरातींचे शहर, आणि डब्यातला गारठा असा, की बाहेरच्या दमट उकाड्यातून आत शिरताच आईला पिशवीतली शाल काढावी लागे. सहलीच्या कंपन्या दाखवतात ते बँकॉक बहुतांशी एवढेच असते. त्यात चार देवळे आणि नदीवरचे रात्रीचे जेवण यांची भर. मला या शहराची ओढ लागली ती मात्र काळपट पाण्याच्या एका कालव्यामुळे.

सॅन सॅप कालवा शहराच्या ऐन मध्यातून पूर्वेकडे जातो. तिसरा राम या थाई राजाच्या कारकिर्दीत, १८३७ ते १८४० या काळात तो खणला गेला. कंबोडियावरून व्हिएतनामशी वैर चालले होते आणि सैन्य व रसद तिकडे नेण्यासाठी जलमार्ग हवा होता. त्या वेळच्या बँकॉकला आजच्यासारखे रस्ते नव्हतेच. चारोएन क्रुंग हा आधुनिक पद्धतीने बांधलेला पहिला मोठा रस्ता १८६० च्या दशकात झाला. तोवर माणसे, तांदूळ, भाजीपाला, सारेच पाण्यावरून हिंडत असे. पुढे बरेच कालवे बुजवून त्यांवर रस्ते झाले. सॅन सॅप मात्र टिकला, आणि १९९० पासून त्यावर नोकरदारांची ने-आण करणाऱ्या बोटी धावू लागल्या.

वात साकेत या मंदिराच्या टेकडीजवळ, फान फा नावाच्या धक्क्यावरून आम्ही बोटीत बसलो. मी, माझी बहीण आणि आई. ही बोट लांबट आणि अरुंद असते, तिच्यात आडवी बाके असतात, आणि तिला दार म्हणून काही नसते. काठावर पाय ठेवून कठडा ओलांडायचा आणि आत उतरायचे, एवढेच. बोट धक्क्याला लागते ती जेमतेम क्षणभर, आणि तेवढ्यात उतरणारे उतरतात व चढणारे चढतात. आईचे गुडघे दुखतात. धक्का आणि बोट यांच्यामधले पाणी वरखाली होत होते, ते पाहून ती काठावरच थबकली. मागे रांग होती, तरीही कोणी तिला घाई केली नाही. आत बसलेली एक बाई, कार्यालयीन गणवेशातली, मांडीवरचा डबा शेजारणीकडे देऊन उठली, तिने आईचे दोन्ही कोपर घट्ट धरले, तिला आत घेतले आणि स्वतःच्या जागेवर बसवले. मग ती आमच्या पुढच्या बाकाला धरून उभी राहिली. आम्ही उठून जागा देऊ केली, तेव्हा तिने हाताने नको म्हटले.

त्या बोटीत जे चालते ते पाहण्यासारखे आहे. तिकिटे देणारी मुलगी हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या अरुंद पट्टीवर, एका हाताने वरची दोरी धरून चालत असते आणि दुसऱ्या हाताने पैसे घेऊन सुटे परत करत असते. हेल्मेट का, ते पहिल्याच ठेंगण्या पुलाखाली कळते. पूल आला की बोटीचे छप्पर खाली घेतात, ती मुलगी वाकते, आणि पूल ओलांडताच छप्पर पुन्हा वर जाते. समोरून दुसरी बोट आली की तिच्या लाटेचे पाणी उडते. ते घाण पाणी अंगावर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे लांब पडदे लावलेले असतात, आणि ते वर ओढायच्या दोऱ्या असतात काठाशी बसलेल्या प्रवाशांच्या हाती. म्हणजे सगळ्या बाकांवरच्या लोकांचे कपडे कोरडे ठेवण्याची जबाबदारी कडेला बसलेल्यांची. आई काठाशीच बसली होती. त्या बाईने दोरीचे टोक आईच्या हातात दिले आणि समोरून येणाऱ्या बोटीकडे बोट दाखवले. आईने दोरी ओढली, पडदा वर गेला, लाट पडद्यावर आदळली, आणि बोट गेल्यावर बाईने मान हलवताच आईने पडदा खाली सोडला. पुढच्या बोटीला सांगावे लागले नाही. प्रातूनामला बोट बदलावी लागते. तिथेही ती आईला दुसऱ्या बोटीत बसवूनच स्वतः बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एवढ्या गर्दीच्या वेळी, कामावर निघालेल्या माणसाने परक्या म्हाताऱ्या बाईला नुसते बसवलेच नाही, तर कामालाही लावले, याचे मला अजून अप्रूप वाटते. पाहुण्याला हातात काम मिळाले की तो पाहुणा राहत नाही. माझ्या दृष्टीने आदरातिथ्य याहून मोठे नसते.

हुआ चांग पुलाच्या धक्क्याजवळ उतरले की जिम थॉम्पसन यांचे सागवानी घर आहे. थाई रेशीम जगभर पोहोचवणारा हा अमेरिकी गृहस्थ १९६७ मध्ये मलेशियातल्या कॅमेरून हायलँड्समध्ये बेपत्ता झाला, तो कायमचा. घर सुंदर आहे, गर्दीही मोठी असते. पण त्याला रेशीम विणून देणारे लोक राहत ते कालव्याच्या पलीकडच्या काठावर, बान ख्रुआ वस्तीत, आणि तिथे जाणारे प्रवासी मला फारसे दिसले नाहीत. ही चाम मुसलमानांची जुनी वस्ती. त्यांचे पूर्वज पहिल्या रामाच्या बाजूने लढले, त्याबद्दल त्यांना ही जमीन मिळाली. अलीकडच्या काळात द्रुतगती मार्गाचा एक फाटा या घरांवरून नेण्याचा बेत होता. रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढून तो थांबवला. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे लागते. एका घरात हातमाग चालू होता आणि दाराशी रंगवलेले सूत वाळत होते.

राजवाडा, वात फो, वात अरुण हे सारे पाहिले. राजवाड्याच्या दाराबाहेर ‘आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ असे सांगणाऱ्यांकडे मुळीच लक्ष देऊ नये. आत पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवती ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे तिथले रामायण, १७८ चित्रांत रंगवलेले आहे. आईला तिथून हलवणे अवघड झाले. जेवणाचे मात्र हाल होतात. भाज्यांतसुद्धा माशांपासून केलेला खारट सॉस घालतात. शाकाहारी माणसाने लाल अक्षरांचे पिवळे निशाण लावलेली दुकाने शोधावीत. तिथे मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो.

अयुथया या जुन्या राजधानीला जायचे ठरले तेव्हा हॉटेलातल्या माणसाने वातानुकूलित व्हॅन घ्या असा लकडा लावला. आम्ही हुआ लाम्फोंगला गेलो. १९१६ मध्ये उघडलेल्या या कमानदार स्थानकातून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या २०२३ मध्ये नव्या स्थानकावर हलवल्या, पण साध्या गाड्या अजून इथूनच सुटतात. सकाळी आठला राष्ट्रगीत लागले आणि सारे स्थानक जागच्या जागी उभे राहिले, झाडू मारणारासुद्धा. तिसऱ्या वर्गाचे तिकीट पंधरा-वीस बाट, उघड्या खिडक्या, वर पंखे, आणि डब्यातून चिकट भात, फळे, थंड पाणी विकत फिरणारे लोक. व्हॅनच्या भाड्याशी याची तुलनाच नको.

अयुथयात स्थानकासमोरच पासाक नदी आहे, आणि छोट्या होडीने ती ओलांडली की जुनी राजधानी. अयोध्येवरून नाव मिळालेले हे नगर नद्यांच्या वेढ्यात वसले होते, आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ते जाळले. उरलेल्या भिंतींतल्या विटा पहिल्या रामाच्या काळात होड्यांत भरून चाओ फ्राया नदीवरून खाली बँकॉकला नेल्या गेल्या आणि नव्या राजधानीच्या बांधकामात वापरल्या गेल्या. वात महाथातला मुळांत अडकलेल्या बुद्धमस्तकाशी फोटोसाठी झुंबड असते. रखवालदार प्रत्येकाला खाली बसायला सांगतो, कारण मूर्तीच्या मस्तकापेक्षा आपले डोके वर असू नये. आजूबाजूला शिर नसलेल्या मूर्तींची रांग आहे, तिच्याकडे फार थोडे वळतात.

सकाळचीच गाडी धरावी. दुपारी विटा तापतात, आणि बहुतेक अवशेषांवर सावलीला छप्पर नाही. ते त्या आगीतच गेले.