तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट आहे ना तिकडे?

मे महिन्यात कराडला माझ्या चुलतभावाचं लग्न झालं. मला जायला जमलं नाही, म्हणून आईने व्हिडिओ कॉल लावून फोन मांडवात फिरवायला दिला आणि तो प्रसादाच्या ताटासारखा हातोहात फिरला. नवरा-नवरी मला शेवटपर्यंत दिसलेच नाहीत. दिसले ते एकामागून एक नातेवाईक, कुणाचं अर्धं कपाळ, कुणाची नुसती नाकपुडी, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "काय गं, जर्मनीत शिक्षण फुकट हाय म्हणं?" सात जणांनी विचारलं, मोजलंय मी. आठव्यांचं बँडमुळे ऐकू आलं नाही पण तेही तेच विचारत असणार.

कॉलेजच्या ज्युनियर्सचे मेसेज पण हेच असतात, फक्त "दीदी" लावून. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवेन.

तर हो, फुकट आहे. मी मागडेबुर्गला आहे, बर्लिनच्या नैऋत्येला एल्बे नदीवरचं शहर, ट्रेनने दीड-पावणेदोन तास. सरकारी युनिव्हर्सिटी, ट्युशन फी शून्य. आता हे सगळीकडे नाही हं, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या मुलांना सेमेस्टरला 1500 युरो आहेत, 2017 पासून, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं 2024 च्या हिवाळी सेमेस्टरपासून मास्टर्सला चार ते सहा हजार लावलेत, तेही एका सेमेस्टरचे. त्यामुळे कॉलेज बघताना राज्य पण बघा. मी भरते तो फक्त सेमेस्टरचा चार्ज, अडीचशे-तीनशे युरोच्या घरातला, आणि त्यातच लोकल ट्रेन, ट्राम, बस सगळ्याचा पास येतो. हे पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांना पटेचना, "कॉलेज फुकट आणि वर एसटीचा पास?" त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, एकावर एक फ्री म्हटलं की माल खराब असणार असं ते गृहीतच धरतात.

पण मग घर तारण ठेवून लोन कशाला काढलं? ते ब्लॉक्ड अकाउंटसाठी. मी 2024 च्या ऑक्टोबरला आले, व्हिसासाठी तेव्हा 11,904 युरो एका बंद खात्यात आधीच भरून दाखवायला लागले, म्हणजे जवळपास 11 लाख रुपये. ही फी नाही, ते आपलेच पैसे, फक्त महिन्याला 992 च्या वर काढता येत नाहीत. पप्पा पाच मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे आपलेच पैसे आपल्यालाच पगार म्हणून देणार?" याच्यापेक्षा चांगलं एक्सप्लेनेशन मी अजून कुठे वाचलेलं नाही. त्याच्याआधी एपीएस नावाचं सर्टिफिकेट, आपली डिग्री खरी आहे का ते तपासणारं, त्याचे 18,000 रुपये वेगळे. मग विमान, जाड जॅकेट, आणि आईने भरलेला कुकर जो बॅग ओव्हरवेट झाली म्हणून मुंबई एअरपोर्टवर काढून परत पाठवला, आणि मी इथे आल्यावर रडत बसले, घरच्या आठवणीने कमी आणि कुकरसाठी जास्त.

992 पुरतात का? मागडेबुर्गला पुरतात, स्वस्त शहर आहे. तिघींच्या फ्लॅटमधली माझी खोली 290 ला, इन्शुरन्स 140 च्या आसपास आणि तो कम्पलसरी, खाणं दीडशे-पावणेदोनशे, आणि टीव्ही-रेडिओचा चार्ज घरटी 18.36, घरात टीव्ही नसला तरी द्यायचाच, आम्ही तिघी वाटून घेतो. म्युनिकला असते तर 992 मधले किती नुसत्या खोलीत गेले असते देव जाणे.

तर पैशाचं झालं हे एवढं. हे सगळं यूट्यूबवर पण मिळतं तुम्हाला. जे कुणी सांगत नाही ते असं की इथे कुणी तुमच्या मागे लागत नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही.

आपल्याकडे इंजिनीअरिंगला मी चार वर्षं काय केलं तर मागे लागून घेतलं. डिफॉल्टर लिस्ट लागायची, अटेंडन्स 75 च्या खाली गेली की घरी फोन, सबमिशनच्या आदल्या रात्री एका फाईलवरून बारा जणींच्या फायली, मॅडम ओरडायच्या, मग सही द्यायच्या. आम्ही त्यांना शिव्या घालायचो पण त्या ओरडण्यावर आम्ही पास होत होतो हे इथे आल्यावर कळलं. इथे अटेंडन्स नाही. माझ्या बहुतेक विषयांना इंटर्नल पण नाहीत, सेमेस्टरच्या शेवटी एक पेपर, 100 टक्के त्याच्यावर. प्रोफेसरना माझं नाव माहीत नाही आणि माहीत असण्याचं कारणही नाही. आणि पेपरला बसायचं तर पोर्टलवर जाऊन स्वतः रजिस्टर करायचं, तारीख उलटली तर बसता येत नाही, हॉल तिकीट घ्यायला या म्हणून कुणी नोटीस बोर्डावर लावत नाही.

लेक्चरला मजा येते, ते सांगायला हवं. वेळापत्रकात 9 लिहिलेलं असतं आणि सुरू सव्वानऊला होतं, आणि हा उशीर नाही, नियम आहे, जुना. पहिल्या दिवशी मी पावणेनऊला जाऊन रिकाम्या हॉलमध्ये बसलेली. आणि संपल्यावर टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकं वाजवतात, आपल्याकडे विधानसभेत वाजवतात तसंच अगदी. शाळेत बाक वाजवला म्हणून मी वर्गाबाहेर उभी राहिलेली आहे, त्यामुळे पहिले दोन आठवडे हात उचललाच नाही.

तर पहिल्या सेमेस्टरला मी चार विषय घेतले. एकाचं रजिस्ट्रेशन करायचं विसरले, तीन दिले, दोन पास, एक नापास. स्टॅटिस्टिक्स. बारावीपासून माझा जो विषय "हा तर आपलाच" होता तोच. इथली मार्कांची भानगड अशी की 1.0 म्हणजे सगळ्यात भारी, 4.0 म्हणजे काठावर, आणि 5.0 म्हणजे नापास. मार्चमध्ये रिझल्ट लागला, पप्पांनी फोनवर विचारलं, मी सांगून टाकलं, 2.3, 2.7 आणि एकात 5.0. तर पप्पा म्हणतात, "अरे वा! त्यात जास्त पडले की!"

आणि मी काहीच बोलले नाही.

दोन महिने बोलले नाही. ते दुकानात समोरच्या मेडिकलवाल्यांना सांगून आले की पोरीला स्टॅटिस्टिक्समध्ये पाचपैकी पाच. आई रोज रात्री फोन करायची, तिची सिरियल संपली की, हिवाळ्यात आमच्या दोघींच्या घड्याळात साडेचार तासांचा फरक आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे केली की साडेतीन, तर ती रोज विचारायची जेवलीस का, काय केलंस, आणि मी रोज खरं तेच सांगायचे पण तेवढं सोडून. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच चान्स असतात. तिसऱ्यांदा उडाला तर नुसता विषय नाही जात, कोर्समधूनच नाव कमी होतं, आणि तोच कोर्स दुसऱ्या जर्मन युनिव्हर्सिटीतही सहसा घेता येत नाही. हे डोक्यात ठेवून तुम्ही लायब्ररीत बसा आणि बघा किती पानं वाचून होतात. त्यात मी तेव्हा वीकेंडला गावाबाहेरच्या एका गोडाऊनमध्ये पार्सल लावायला जायचे, तासाला 12.82, म्हणजे 2025 चा किमान पगार, कायद्याने वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण करता येतं म्हणजे करावंच असं नाही हे मला फार उशिरा सुचलं. रात्री दोनला बसस्टॉपवर उभं राहून मनात युरोचे रुपये करायचे, 12.82 गुणिले 8 गुणिले 90 काहीतरी, बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोप.

मे संपता संपता सांगितलं शेवटी, लग्न झाल्यावर, मुद्दामच लग्नानंतर. पप्पा ओरडतील वाटलेलं. ते म्हणाले, "मग आता मी त्या मेडिकलवाल्याला काय सांगू?" मी हसले आणि मग ते पण हसले आणि आईने फोन काढून घेतला आणि ती मात्र व्यवस्थित ओरडली. खरं सांगू का, आठ महिन्यांनी कुणीतरी ओरडलं, इतकं बरं वाटलं. जूनपासून गोडाऊन सोडलं. ऑगस्टमध्ये परत पेपर दिला, 3.3. पप्पा, आता सावध झालेले, म्हणाले, "हे कमी झालंय, म्हणजे चांगलं ना?"

मागे लागत नाही यावरून पत्रपेटीचं सांगायचं राहिलं. इथे सगळं पोस्टाने येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, इन्शुरन्सचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं. मी आल्या आल्या पत्ता नोंदवून आले, घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन, दोन आठवड्यांच्या आत करायला लागतं ते. आणि मग तीन आठवडे काहीच नाही. रोज खाली जाऊन बघायचे. मला वाटलं पोस्ट स्लो असेल. तर एके दिवशी माझी जर्मन फ्लॅटमेट चहा करता करता म्हणाली, खाली पेटीवर तुझं नाव लावलंयस का? नव्हतं लावलेलं. पेटीवर नाव नाही तर पोस्टमन पाकीट टाकतच नाही, परत जातं. कराडला आमच्या घरी "हार्डवेअरवाले, चावडीजवळ" एवढ्यावर पत्र आलेलं आहे. वहीचं पान फाडून चिकटपट्टीने नाव लावलं तेव्हा पत्रं यायला लागली, पहिलं आलं ते त्या 18.36 चं बिल. फ्लॅटमेटला तीन आठवडे रोज दिसत होते मी खाली-वर करताना. तिला विचारलं, आधी का नाही सांगितलंस, तर म्हणाली, तू विचारलं नाहीस. तिच्या आवाजात खवचटपणा अजिबात नव्हता, तिला खरंच वाटत होतं की न विचारता सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं. आमच्या आत्याला हे ऐकवलं तर ती चक्कर येऊन पडेल.

पण विचारलं की मात्र जीव तोडून मदत करतात, हेही तितकंच खरं. त्याच फ्लॅटमेटने पुढे माझ्यासोबत बसून प्रोफेसरना मेल लिहून दिला, त्यांच्या ग्रुपला हिवी हवाय का असा. हिवी म्हणजे डिपार्टमेंटमध्ये काम करणारा स्टुडंट असिस्टंट. आता महिन्याला तीस तास तेच करते, सेन्सरचा डेटा साफ करायचा, चारशेच्या वर युरो येतात, रात्रीची बस नाही आणि मुख्य म्हणजे निदान एका प्रोफेसरना माझं नाव माहीत आहे. चुकीचं उच्चारतात, पण माहीत आहे.

खाण्याचं विचारू नका, जमतं. लाल मसूर कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, तूर विसरायची, पोहे आणि शेंगदाणे एशियन शॉपला. पाडव्याला श्रीखंड करायचं असेल तर दही टांगायची भानगडच नाही, क्वार्क म्हणून डबा मिळतो, चक्काच तो, साखर-वेलची घाला की झालं, माझ्या फ्लॅटमेटने अर्धा डबा एकटीने संपवला. फोडणी दिली की खिडकी उघडायची, उणे पाच असलं तरी. कुकर अजून कराडलाच आहे.

एक गंमत म्हणजे गावाबाहेर चिप बनवायचा मोठा कारखाना येणार होता, आमच्या बॅचची अर्धी मुलं त्या आशेवर या शहरात आलेली, मी पण थोडीशी, आणि 2025 च्या जुलैमध्ये तो रद्द झाला. फुकटच्या हिशोबात हे कुठे धरायचं मला कळलेलं नाही. थिसिस पुढच्या सेमेस्टरला, मग नोकरी, जर्मन भाषेची बी वन लेव्हल झालीय आणि तेवढं पुरत नाही असं सगळे म्हणतात. त्याबद्दल विचाराल तर वेगळं लिहीन, पण नोकरी मिळाल्यावर.

आता थांबते, शनिवारची संध्याकाळ आहे आणि उद्या रविवार म्हणजे सगळी दुकानं बंद. दाराशी रिकाम्या बाटल्यांच्या दोन पिशव्या आहेत, मशीनमध्ये टाकल्या की एकेकीचे 25 सेंट परत मिळतात. 23 आहेत, म्हणजे 5 युरो 75. आणि कांदे संपलेत.