टक्के द्यावे की दुपट्टा-टोपी

आमच्याकडे घर विकायला काढलं हे सांगायला पाटी लावावी लागत नाही. मी चक्कीवर दळण ठेवताना नुसतं म्हटलं, "पाहते आता काय करायचं घराचं." संध्याकाळी पुलगावहून मोठ्या बाईचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा फोन, "विकलं म्हणे?"

गाव आर्वी तालुक्यातलं. आई-बाबा दोघंही गेले, मी वर्ध्याला पोस्टात, भाऊ पुण्याला. घराला कुलूप. दर उन्हाळ्यात छपराचे कवेलू फेरायचे आणि फेरणारा माणूस मिळत नाही. मिळाला तरी वर चढल्यावर मजुरी वाढवून मागतो. भावाचं एकच पालुपद, "ताई, एजंटला दे अन् मोकळी हो."

म्हणून एजंट बोलावला. पांढरे बूट घालून आला आणि पहिल्या पाच वाक्यांत 'समृद्धी' शब्द आला नाही असं एकही वाक्य नव्हतं. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला, आणि तेव्हापासून आमच्या भागातला दर दुसरा रिकामा पोरगा जमिनीचा जाणकार झाला आहे. विरुळला समृद्धीवर चढायची-उतरायची जागा आहे म्हणून आमच्या गावठाणातल्या मातीच्या भिंतींना काय भाव येणार ते त्यालाच ठाऊक. "ढाचा तर पाडावाच लागन," तो म्हणाला, "जागेचीच किंमत." पण जागेबद्दल बोलताना त्याची नजर सारखी वर जात होती. माजघरावरच्या मयाली, म्हणजे छताच्या तुळया, सागवानी आहेत, बाबांनी जंगलखात्याच्या लिलावातून आणलेल्या. वीतभर रुंद, धुरानं काळ्या पडलेल्या, पण नखानं खरवडलं की आतून मधासारखा रंग. असं जुनं सागवान शोधत लोक गावोगाव फिरतात, त्याचं पलंग-दिवाण होतं. हा माणूस जागा एकाला आणि लाकूड दुसऱ्याला विकायचा हिशेब डोक्यात मांडून बसला होता, आणि मला फक्त जागेचा आकडा सांगत होता.

त्याच्या अटी दोन प्रकारच्या. एक सरळ, दोन टक्के तुमचे, दोन टक्के घेणाऱ्याचे. दलालीचा हा दर म्हणजे रिवाज आहे, घासाघीस करता येते. दुसरी अट त्यानं जास्त प्रेमानं सांगितली. "ताई, तुमाले हातात सात लाख पायजे ना? वरचं मायं." ऐकायला किती छान. टक्का नाही, कटकट नाही. पण मग माझं घर कितीला गेलं हे मला कधीच कळणार नाही, आणि घेणाऱ्याला मी कितीला दिलं हे कळणार नाही. दोघांच्या मधात जे काही उरेल ते याचं.

आणि त्यासाठी इसारचिठ्ठी हवी. एकवीस हजार इसार, सहा महिन्यांची मुदत. त्यानं मसुदा सोबतच आणला होता. पोस्टात आयुष्य फॉर्म वाचण्यात गेल्यामुळे मी कागद पहिल्या ओळीपासून वाचते, समोरचा कितीही घाईत असो. मधातच एक ओळ होती की विक्रीपत्र "लिहून घेणार अथवा ते सांगतील त्या व्यक्तीच्या नावे" करून द्यावे. म्हणजे एकवीस हजारात माझं घर सहा महिने त्याच्या खिशात, तोवर तो गिऱ्हाईक शोधणार. सापडलं तर फायदा त्याचा, नाही सापडलं तर मी सहा महिने दुसऱ्या कोणाला दाखवूही शकत नाही. वरून म्हणाला, बहिणीची सही नंतर पाहू, भावाला पुण्याहून येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र त्यानं एजंटच्याच नावानं करून द्यावं. मी चहा पाजला आणि मसुदा परत दिला.

त्याला शिव्या घालायच्या नाहीत मला. धंदा आहे, आणि त्याच्या बाजूनं दोन गोष्टी खऱ्याच आहेत. त्याचा गिऱ्हाईक बाहेरचा, म्हणजे पैसा तयार. आणि तो किंमत तोंडावर बोलू शकतो. या दुसऱ्या गोष्टीचं मोल मला पुढे कळलं.

कारण गिऱ्हाईक तर भिंतीपलीकडेच होतं. शेजारच्या काकाजींच्या पोराचं लग्न झालेलं, घरात जागा नाही, आमची सांदवाडी (घरालगतची मोकळी जागा) आणि त्यांचा गोठा यांच्यात फक्त एक बोरीचं कुंपण. गावातल्या घराचं खरं गिऱ्हाईक बहुतेक वेळा शेजारीच असतो. त्याला एजंटनं शोधायची गरज नसते. पण काकाजींशी बोलणार कसं? बाबांच्या तिरडीला खांदा दिलेला माणूस. मी विचारलं, किती द्याल? ते म्हणाले, "तुमी सांगान ते देतो बाई, मी काय परका हाओ का?" आता या वाक्यावर काय बोलणार! जास्त सांगितलं तर मी लोभी, कमी सांगितलं तर भाऊ-बहिणीचा हक्क बुडवला. शहरातले लोक म्हणतात थेट व्यवहार केला की दलाली वाचते. वाचते, पण तो आकडा मग स्वतःच्या तोंडानं काढावा लागतो.

तेव्हा मोठ्या बाईनं आठवण करून दिली ती कोतवाल मामाजींची. नोकरीतून कधीचे निवृत्त, पण गावातल्या वावराच्या, बैलाच्या, सोयरिकीच्या अर्ध्या व्यवहारात मधात बसलेले. ते आमच्या सपरीत बसले, चहा घेतला, उठून काकाजींकडे गेले, तिथं चहा घेतला, परत आले. मी अकरा म्हटलं होतं, तिकडून सहा आले. मला म्हणाले, "मयाली चांगल्या आहेत, मान्य. पण पोरी, बाहेरचा येऊन तुह्या मायचा चुल्हा नाही मोजत." तिकडे म्हणे सांगून आले की बाहेरच्यानं घेतलं तर सांदवाडीत तो जेसीबी उभा करील, रात्रीच्या डिझेलच्या वासात निजा. दोन्ही बाजूंना अर्धं खरं, अर्धं तिखट-मीठ. सव्वाआठ लाखावर गाडी थांबली. चार मयाली सोडून. त्या मी काढून घ्यायच्या, असं ठरलं, कारण भावाला पुण्यात जेवणाचं टेबल करायचं होतं. त्याला बाबांच्या लाकडाची ओढ फार, कवेलूची नाही.

टक्का मामाजींनी घेतला नाही. दोन्हीकडून दुपट्टा-टोपी, मामींना लुगडं.

कागदांचं काम मात्र कोतवाल करू शकत नाही, आणि बरेचदा एजंटही करत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हातात असला की लोकांना वाटतं घर आपलं. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. आमचं नशीब की गावात स्वामित्व योजनेची, म्हणजे गावठाणातल्या घरांची ड्रोननं करायची मोजणी झाली होती. केंद्रानं ही योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू केली. ड्रोन उडायच्या आधी घरोघरच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायच्या होत्या, तेव्हा बाबा आणि काकाजी स्वतः डबा घेऊन बोरीच्या कुंपणालगत रेघ मारत गेले होते. त्यामुळे सनद आणि आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघाली तेव्हा हद्दीचा वाद शिल्लकच नव्हता. ज्यांच्या गावात ही मोजणी झाली आहे त्यांनी विक्रीच्या आधी आखीव पत्रिका काढून त्यावरचं क्षेत्रफळ टेप लावून पडताळून घ्यावं.

घर बाबांनी बांधलेलं, मृत्युपत्र नाही, आई आधीच गेलेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आम्हा तिघांचा सारखा वाटा. आधी वारसांची नोंद, मग विक्री. काकाजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पुलगाववाली सही करते ना?" एजंटनं 'नंतर पाहू' म्हटलेली गोष्ट शेजाऱ्याला आधी पाहिजे होती. तीन पिढ्यांची नावं त्याला पाठ, त्याला कोण काय फसवणार.

अडलं ते पैशावर. काकाजींना सगळे रोख द्यायचे होते, तेही अर्धे सोयाबीन निघाल्यावर, अर्धे कापसाचे. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी रोख तेवढाच दंड, हे मी त्यांना सांगितलं. ते गप्प. मग मामाजींकडून कळलं की काळ्या पैशाचा प्रश्नच नाही. खात्यात पैसा आला की बँक थकलेल्या पीककर्जात वळती करून घेईल ही भीती. शेवटी काकूंच्या नावाच्या खात्यातून पैसे आले. मुदत मी दिली, पण विक्रीपत्र शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच. याला मामाजींनीही मान डोलावली. बाहेरचं गिऱ्हाईक एका आठवड्यात पैसे मोजतं, हा एजंटचा फायदा मी वर कबूल केलाच आहे. मला दिवाळी ते संक्रांत थांबावं लागलं.

रजिस्ट्री आर्वीला झाली. अर्जनवीसानं मसुदा टाइप केला, फोटो, अंगठे, दोन साक्षीदार. मुद्रांक शुल्क व्यवहाराच्या रकमेवर किंवा रेडी रेकनरच्या सरकारी दराप्रमाणे, जे जास्त त्यावर. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार. दोन्ही काकाजींच्या खिशातून, अर्जनवीसाचे अर्धे-अर्धे. भाऊ रजा काढून आला, सही केली आणि मयाली टेम्पोत चढवून गेला.

आता त्याला पुण्यातला जुना फ्लॅट विकायचा आहे. "तू बिना एजंटचं विकलंस, मीही विकतो," म्हणतो. मी म्हटलं, तू एजंटच घे. तुझ्या जिन्यात समोर कोण राहतं हे तुला माहीत नाही, तुझा कोतवाल मामाजी कोण होणार? महारेराकडे, म्हणजे घरबांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे नोंदणी असलेला एजंट पाहा, पण लक्षात ठेव, ती नोंदणी बिल्डरच्या प्रकल्पांच्या विक्रीसाठी लागते, तुझ्या जुन्या फ्लॅटच्या व्यवहारावर तिची तेवढी राखण नाही. दलाली किती अन् कधी द्यायची ते लेखी घे, आणि 'वरचं माझं' म्हणाला तर उठून ये. आणि इसाराचा कागद सही करायच्या आधी मला व्हॉट्सअॅपवर पाठव. सगळी पानं पाठव, पहिलं अन् शेवटचंच नाही.