यादीत नसलेल्या स्त्रिया

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. येशूला इ.स. 30 च्या सुमारास क्रुसावर खिळले आणि मार्कचे शुभवर्तमान, जे बहुतेक अभ्यासकांच्या मते येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांतले सर्वांत जुने, ते 70 च्या आसपास लिहिले गेले. मग मधल्या चाळीस वर्षांतल्या सांगोवांगीवर भरवसा कसा ठेवायचा, हा तुमचा प्रश्न बायबलच्या अभ्यासाला येणारे बहुतेक जण मला विचारतात.

त्या काळात आठवण जपण्याच्या निदान दोन रीती चालू होत्या, आणि त्या एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत, हेच मला फार मोलाचे वाटते.

पहिली रीत पाठांतराची. 55 च्या सुमारास करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल सांगतो की, मला जे मिळाले तेच मी तुमच्या हवाली केले. आणि पुढे एक घोटून पक्की झालेली यादी देतो. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. केफाला, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याला, दिसला, मग बारा शिष्यांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, मग येशूचा भाऊ याकोब याला, मग सर्व प्रेषितांना. अक्षरओळख नसलेल्यालाही तोंडपाठ व्हावी, अशीच तिची ठेवण आहे. केफा आणि याकोब यांना पौल यरुशलेमेत प्रत्यक्ष भेटला होता, म्हणजे ही नावे त्याला ऐकीव नव्हती.

या यादीत एकाही स्त्रीचे नाव नाही.

दुसरी रीत गोष्ट सांगण्याची. चारही शुभवर्तमानांत पहाटे येशूच्या कबरेकडे जाऊन ती रिकामी पाहणाऱ्यांत त्याची अनुयायी मग्दालीया मरीया आहेच. मार्क तिच्याबरोबर दुसऱ्या एका याकोबाची आई मरीया आणि सलोमे यांना आणतो, मत्तय केवळ ‘दुसरी मरीया’ म्हणतो, लूक योहान्नाचे नाव घालतो. योहान एकट्या मग्दालीयेचे नाव घेतो, तरी तिच्या तोंडी ‘त्याला कोठे ठेवले हे आम्हांला ठाऊक नाही’ हे अनेकवचन राहून गेले आहे. स्त्रियांची साक्ष तेव्हा हलकी मानली जाई. लूक स्वतःच लिहितो की प्रेषितांना त्यांचे बोलणे वायफळ वाटले, आणि दुसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याने नेमक्या याच मुद्द्यावर ख्रिस्ती लोकांची टर उडवली. चारचौघांत पुरावा म्हणून म्हणायच्या यादीतून त्या गळल्या असाव्यात, असे मला वाटते. गोष्टीतून मात्र त्यांना काढता आले नाही, कारण ऐकणाऱ्यांना ती त्यांच्यासकटच माहीत होती. सोयीसाठी रचलेल्या कथेत असे साक्षीदार कोणी नेमले नसते.

कबरेपाशी दिसले कोण, याबद्दल मात्र मार्क एक तरुण सांगतो, मत्तय एक देवदूत, लूक दोन पुरुष, योहान दोन देवदूत. हा तपशील सांगता सांगता बदलला, असे मी मानते, आणि तो जुळवून दाखवण्याचा खटाटोप करत नाही.