तिथी गुणिले तीन, भागिले चार

भरतीची वेळ काढायचं गणित चौथीतल्या पोरालाही जमेल. आजची तिथी घ्यायची, तिला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, मोजायचं प्रतिपदेपासून. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणि उद्याची वेळ आजच्यापेक्षा पाऊण तासाने पुढे. उत्तर थोडं इकडेतिकडे होतं, समुद्रावरची वेळ आणि नदीच्या आतली वेळ यांतही फरक पडतो, पण सायकल काढायची की आणखी एक चहा घ्यायचा एवढं ठरवायला पुरतं. मोबाइलवर आता मिनिटासकट सगळं दिसतं. तरी आमच्या घरात अजून गणितच चालतं, कारण ते सासऱ्यांकडून आलंय. सासरे नार्व्याचे, नदीकाठी वाढलेले. पंचांग त्यांनी मुहूर्तासाठी फारसं उघडलं नाही, तिसऱ्यांसाठी, म्हणजे खायच्या शिंपल्यांसाठी उघडलं.

आम्ही राहतो गोव्यात, रायबंदरला. समोर मांडवी नदी, पलीकडे चोडण बेट, उजव्या हाताला दिवाडी बेट. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत माझा आठवडा रविवार-सोमवारचा राहत नाही, तिथ्यांचा होतो. पावसाळ्यात बांधावर पाय ठेवायची सोय नसते आणि एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच घामाच्या धारा लागतात. मधल्या काळात पहाटे पारा वीस अंशांवर येतो आणि आम्ही त्याला थंडी म्हणतो. पुण्याच्या नणंदेला यावर हसू द्या. सायकल चालवायला याहून चांगली हवा कुठे मिळते ते तिने सांगावं.

सगळ्या तिथ्या सारख्या कामाच्या नसतात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढतंही थोडं आणि उतरतंही थोडं. शिंपले वेचणाऱ्याने त्या दिवशी घरातली जळमटं काढावीत. पुनवेला-अवसेला उधाण असतं, पाणी लांबवर मागे जातं. पण तेव्हाची ओहोटी पहाटे पाचला, म्हणजे अंधारात. खरी सोन्याची तिथी द्वितीया आणि तृतीया. उधाणाचा जोर टिकून असतो आणि पाणी तळाला जातं सात-आठच्या सुमारास, कोवळ्या उन्हात. माझ्या दिनदर्शिकेत या तारखांना पेन्सिलीने गोल केलेला असतो. एकदा कुणीतरी विचारलं, तेव्हा नवऱ्याने सांगितलं, सिलिंडरची नोंद आहे.

अशा सकाळी मी करंझाळ्याला जाते. रायबंदर ते पणजी हा सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेला तीनेक किलोमीटरचा लांबलचक पूल-रस्ता सायकलसाठीच केलाय असं सकाळी सातपर्यंत वाटतं, सातनंतर नाही. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरं. मिठागराच्या कडेला शेकाटे उभे असतात, लाल लांब पायांवर, पाणी कपड्याला लागू नये म्हणून सगळं वर खोचून. पुढे पणजी, मिरामार, आणि मग वाळू.

करंझाळ्याला मोठमोठे शंख वगैरे मिळत नाहीत. मिळतात ते साधे शिंपले, पिटुकले मळसूत्री शंख, कधी वाळूचा रुपया, बहुधा फुटलेला. पण मी शोधते ते भोकाचे शिंपले. तिसरीसारख्या शिंपल्याच्या टोकाजवळ अगदी गोल, गुळगुळीत भोक. वरून रुंद, आत अरुंद होत गेलेलं. सुताराने गिरमिट लावावं इतकं नेमकं. लहानपणी आम्हाला वाटायचं देवाने ही माळ ओवायला पाडलीत. पाडणारी असते एक गोगलगाय, चकचकीत गोल शंखाची, वाळूच्या पोटात नांगरासारखी फिरणारी. ती शिंपला आपल्या मांसल पायात आवळून धरते, आम्ल सोडून कवच मऊ करते, काट्याकाट्यांच्या जिभेने खरवडते. पुन्हा आम्ल, पुन्हा खरवडणं. हे तासन् तास चालतं. आरपार झालं की त्यातून सोंड घालून आतला जीव खाते. भोक जवळजवळ नेहमी त्याच जागी असतं. हे कळल्यापासून माळेतला गोडवा गेला हे खरं, पण माझ्या खिशात हटकून तेच शिंपले येतात. काही भोकं अर्धवट सोडलेली दिसतात. तिथे काय झालं असेल याचा विचार करत मी एकदा पोळ्या करायच्या विसरले होते.

भरलेला शंख मात्र उचलायचा नाही. रिकामा दिसला तरी तळहातावर घेऊन जरा थांबायचं. बहुतेक वेळा आतून दोन डोळे आणि एक नांगी बाहेर येते. शंखातले खेकडे घर बदलत राहतात आणि चांगलं रिकामं घर किनाऱ्यावर मुबलक नसतं. पर्यटकांच्या दुकानांत वॉर्निश मारलेले शंख प्लास्टिकच्या टोपलीत रचलेले असतात. कुणाच्या नावाची पाटी लटकवायला ते उपयोगी पडतात म्हणे. असो.

माझी पुतणी फ्लोरिडात असते. गेल्या थंडीत ती सॅनिबेल बेटावर जाऊन आली आणि रोज फोटो पाठवत होती. तिथे शंख-शिंपल्यांसाठी लोक लांबून येतात. आजूबाजूची बेटं उत्तर-दक्षिण पसरलेली, हे एकच पूर्व-पश्चिम आडवं पडलेलं, त्यामुळे आखाताच्या उथळ तळावरून वाहत आलेले शिंपले याच्याच किनाऱ्यावर अडकतात. दिवसभर कमरेत वाकून वेचणाऱ्यांच्या पोकाला 'सॅनिबेल स्टूप' असं रीतसर नावच आहे. जिवंत शंख-शिंपले उचलायला १९९५ पासून बंदी. सायकलसाठी चाळीसेक किलोमीटरच्या वेगळ्या वाटा. आणि बेटाच्या एका अंगाला १९४५ साली राखलेलं अभयारण्य, ज्याला पुढे नाव दिलं गेलं एका व्यंगचित्रकाराचं. आडनाव डार्लिंग, पण चित्रांखाली तो सही करायचा नुसती 'डिंग'. अभयारण्यातला गाडीरस्ता दर शुक्रवारी बंद असतो, पाखरांना-प्राण्यांना एक दिवस माणसं दिसू नयेत म्हणून. मला या सगळ्यात तो शुक्रवार फार आवडला.

तिने विचारलं, काकी, आपल्याकडे असं वेचायला कुणी का येत नाही?

येतात की. वाकतातही. जुवारीत, मांडवीत सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कमरेभर पाण्यात बायका उभ्या दिसतात, शेजारी पातेलं तरंगत असतं. डोळ्यांनी नाही, पायांनी शोधतात. चिखलात तळपायाला शिंपला लागला की वाकून हात घालायचा. तासाभराने पातेलं जड होतं. तिसऱ्यो, खुबे. कालवं हवी तर खडकावर कोयतीने वेगळी मेहनत. आमच्या स्वयंपाकघरात तिसऱ्या आल्या की शिंपला आधी जेवणाचं भांडं असतो. एकशिपी करताना अर्धा शिंपला मांसासकट ठेवायचा, ओलं खोबरं आणि तिरफळं-आमसुलात ते सगळं खदखदवायचं, आणि ताटात शिंपल्यांचा ढीग लावत जेवायचं. कोण किती जेवलं ते त्या ढिगावरून कळतं, म्हणून आमचे दीर आपले शिंपले माझ्या ताटात टाकतात. मग ते सगळे माडाच्या बुंध्याशी. पूर्वी हेच भट्टीत भाजून चुना करायचे. जुन्या गोव्यातल्या कितीतरी भिंतींत आमच्या पूर्वजांच्या जेवणावळी लिंपलेल्या आहेत, असं मला तिथे गेलं की वाटतं.

आणि खिडक्या. दिवाडीवरच्या जुन्या घरांत अजून काही शिल्लक आहेत. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत तळहाताहून लहान चौकोन, काचेऐवजी पातळ, चपट्या शिंपल्याचे. बाहेरून मळकट दिसतात. आत बसून पाहिलं तर दुपारचं भाजणारं ऊन त्यातून दुधासारखं होऊन येतं, वारा-पाऊस बाहेर राहतो, आणि रस्त्यावरच्याला आतलं काही दिसत नाही. हा शिंपला जुवारीच्या चिखली भागातल्या खाडीत होतो. २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या कायद्यात आमच्या खिडकीची काचही आहे. एका चौकोनाला तडा गेला की घरमालक पुठ्ठा लावतात. ते दिसायला वाईट दिसतं, पण मला पटतं.

दिवाडीला जायचं ते जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून, व्हाइसरॉयच्या कमानीखालून. फेरीबोटीत माणसाला आणि सायकलला पैसे पडत नाहीत, फक्त खलाशाचं ऐकावं लागतं: "फुडें घे गो बाय, गाडी येता!" सॅनिबेलला १९६३ साली पूल झाला आणि फेरी बंद पडली. २०२२ च्या इयन चक्रीवादळात तोच रस्ता तुटला तेव्हा काही दिवस बेट पुन्हा बेट झालं होतं. दिवाडीला अजून पूल नाही. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल त्याला याचं कौतुक सांगू नये. मी सकाळी हवा खायला जाणारी बाई, माझ्या मताला किंमत ती किती.

दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरी आहे, नार्व्याची. नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचाच. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, देव नदी ओलांडून पलीकडे गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. सासरे म्हणायचे, देवसुद्धा सुकती-भरती बघूनच निघाला असणार, नाहीतर होडी चिखलात बसली असती.

मधली सपाटी म्हणजे खाजन. समुद्रपातळीच्या खालची शेतं, भोवती मातीचा बांध, आणि बांधात मानस. मानशीची लाकडी दारं भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. वीज नाही, बटण नाही, पंचांगही नाही. उतरत्या पाण्याला तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी मिळतात, आणि त्या हक्काचा लिलाव होतो. बांधावरून सायकल चालवताना दोन्हीकडचं पाणी वेगवेगळ्या उंचीवर दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यानेच भोवळ येते.

सुकतीला खारफुटीच्या मुळांशी चिखल उघडा पडतो आणि पाखरांची पंगत बसते. ज्याची चोच जेवढी, त्याला तेवढ्या खोलीवरचं अन्न: आखूड चोचीचे चिखले वरचेवर टिपतात, तुतारी जरा आत, आणि कर्ल्यू आपली वाकडी लांब चोच मुळापर्यंत खुपसून कुर्ली ओढते. निवट्या नावाचे मासे चिखलावर पोटाने सरपटत एकमेकांवर पाठीचा पंख उभारतात. भरती चढू लागली की सगळे कोरड्या तुकड्यावर दाटीवाटीने उभे राहतात, एका पायावर, तोंड वाऱ्याकडे. फेरीच्या मागे लागणारे कुरव तिबेट-लडाखच्या उंच तळ्यांवर वीण करून आलेले असतात. एवढं अंतर कापून इथे कुणीतरी टाकलेल्या चिप्सवर भांडतात ते बघवत नाही.

चोडणचं सालिम अली अभयारण्य फेरीतून उतरलं की लगेच. जेमतेम १७८ हेक्टर, पण आत होडीने जायचं तर भरती हवी आणि चिखलातली पाखरं बघायची तर ओहोटी हवी, त्यामुळे एका तिथीत ते सगळं दिसत नाही. पाणमांजर बघायला जाणाऱ्याने पाणमांजर दिसायची आशा ठेवू नये. बांधावर ठरलेल्या जागी त्यांची विष्ठा दिसते, उन्हात वाळलेली: माशांचे खवले, कुर्लीच्या कवचाचे लाल तुकडे, आणि मासळीबाजाराचा वास. मी ती काडीने उकलत बसले होते तेव्हा मागून एक पर्यटक जोडपं आलं. त्यांनी फोटो घेतला, पण पाणमांजराच्या खुणेचा नाही, माझा.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, चक्क खाऱ्या पाण्यात रुळलेल्या. दुर्भाटच्या बाजूला पौषातल्या अवसेला चिखलाची मगर घडवतात आणि तिची पूजा करतात. मानग्यांची थापणी म्हणतात तिला. खवल्यांच्या जागी शिंपले खोचलेले असतात. बांध फोडू नको, माणसाला धरू नको, एवढंच मागणं. मला वाटतं शिंपल्याचा याहून चांगला उपयोग कुणी केला नसेल, एकशिपी सोडली तर.

पुतणी या जानेवारीत येतेय. तिला सांगितलंय, पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सकाळी करंझाळ्यावर पाय पाहिजे, त्या हिशेबाने तिकीट काढ. तिने विचारलं, ही द्वितीया म्हणजे कितवी तारीख? मी सांगितली. दहा मिनिटांनी तिचा निरोप आला: त्या दिवशीचं तिकीट तेरा हजारांनी महाग आहे, अष्टमी चालेल का?

भांगाचं पाणी, म्हटलं. ये, जळमटं काढायला मदत होईल.